सैनिकाची शेती व त्याच्या घरचे हक्क

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूस वरून कुकडीचे सारे खोरे दिसते. द्राक्षांचे मांडव, कांद्याचे वाफे, टोमॅटोचे काठीवर चढविलेले वेल, आणि मधून मधून धरणाच्या पाण्याची चकाकी. या शेतांपैकी कित्येकांचा मालक बांधावर नसतो. तो लडाखात, राजस्थानच्या वाळवंटात किंवा ईशान्येच्या जंगलात पहाऱ्यावर असतो, आणि त्याच्या नावाचा सात-बारा गावी भावाच्या पेटीत असतो. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांमागच्या दात्यांनी दिलेल्या शेतांचे माप निवर्तनांच्या हिशेबाने खडकावर कोरून ठेवले आहे. ते अद्याप वाचता येते. आजच्या सैनिकाचा जमिनीवरील हक्क मात्र कागदावर आहे, आणि कागद जपला नाही तर हक्क डळमळतो.

सैनिकाचे हक्क म्हटले की आपल्याकडे बोलणे पेन्शनीपासून सुरू होते व पेन्शनीपाशीच थांबते. आमच्या मते हे अर्धेच बोलणे आहे. पेन्शनीचा कारभार सरकारच्या कचेऱ्यांतून चालतो. उशीर झाला तरी तेथे त्या मनुष्याच्या नावाची नोंद असते. परंतु त्याच्या शेताचे, बांधाचे, वाटणीचे व वारसाचे जे व्हावयाचे ते गावच्या चावडीवर व मामलेदार कचेरीत होते, आणि तेथे तो स्वतः हजर नसतो. कायद्याने या गैरहजेरीची दखल घेऊन त्यास कित्येक संरक्षणे दिली आहेत. पण गावोगावी त्यांची माहिती फार थोड्यांस आहे. सबब या लेखात पेन्शनीइतकाच, किंबहुना अधिक, विचार शेतीचा करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही जबाबदारी नवी नव्हे. पेशवाईत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून देण्याची चाल होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली हिंदुस्थान सरकारने इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापिले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचेच वंशज होय. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास आपल्याकडील म्हातारी माणसे अजूनही 'सोल्जर बोर्ड'च म्हणतात.

आता शेतीकडे वळू. नोकरीवरील सैनिकाने जमीन दुसऱ्याकडून कसवून घेतली तर तो 'कूळ' होऊन बसेल काय, ही शंका आम्हांस वारंवार विचारली जाते. १९४८ च्या कुळकायद्यात याचे उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिले असे की, विधवा, अज्ञान, शरीराने वा मनाने पंगू आणि सशस्त्र दलात नोकरीस असलेला इसम यांची जमीन नोकरांनी, मजुरांनी किंवा कुळानेदेखील कसली, तरी ती त्यांनी स्वतः कसली असे कायदा मानतो. दुसरे असे की, १९६४ च्या दुरुस्तीने या कायद्यात सैनिक व माजी सैनिक जमीनमालकांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि कुळाकडील जमीन परत मिळविण्याचा खास हक्क त्यांस देण्यात आला. मात्र तो हक्क आपोआप पदरात पडत नाही. लेखी नोटीस द्यावी लागते, अर्ज करावा लागतो आणि क्षेत्राची मर्यादाही पाळावी लागते. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने ज्यांस जमिनी मिळाल्या असेही आमचे पुष्कळ वाचक आहेत. त्यांचा हक्क हिरावून घ्या असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. एवढेच सांगतो की, दोन्ही बाजूंनी कायदा वाचावा आणि मगच बांधावर भांडावे.

खरा धोका वाटेकरीत आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा इसम कूळ समजला जातो. यास अपवाद मालकाच्या कुटुंबातील माणसाचा, मालकाच्या किंवा त्याच्या घरच्या माणसाच्या देखरेखीखाली राबणाऱ्या मजुराचा, आणि रोख वा धान्याच्या रूपाने ठरीव वेतन घेणाऱ्या नोकराचा. पिकाचा वाटा घेणारा मनुष्य या नोकराच्या व्याख्येत बसत नाही. अर्धेलीवर दिलेल्या रानाविषयी वीस वर्षांनी जो वाद उभा राहतो त्याचे मूळ येथे असते. एकत्र कुटुंबातील भाऊ कसत असेल तर चिंता नाही. परक्यास रान द्यावयाचेच असेल, तर सालगडी ठेवून त्याच्या वेतनाची पावती करावी, आणि घरच्या कोणीतरी, मग ती सैनिकाची पत्नी का असेना, लागवडीवर देखरेख ठेवावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. उभ्या पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहूनच घ्यावयाचे असल्याने सैनिकास ते छावणीतून करता येत नाही. घरच्या मंडळींनी दर हंगामास न चुकता त्याच्या गटाची नोंद करावी. हे काम पाच मिनिटांचे असते, आणि तेच बहुधा राहून जाते.

दुसरी गोष्ट बांधाची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे व मालकाच्या हक्काविरुद्ध सलग १२ वर्षे कब्जा ठेवला, तर मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. आता हिशेब पाहावा. जवानास पेन्शन मिळण्यास किमान १५ वर्षे नोकरी करावी लागते. म्हणजे नोकरीच्या पहिल्या वर्षी शेजाऱ्याने कोरलेला बांध सैनिक पेन्शनीवर येण्याच्या आधीच कायम होऊ शकतो! सख्ख्या सहहिस्सेदाराचा कब्जा सहसा असा विरोधी मानला जात नाही. त्याने दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारून त्यास बाहेर काढले असे सिद्ध व्हावे लागते. पण शेजाऱ्याच्या बाबतीत ही सवलत नाही. म्हणून रजेवर आलेल्या सैनिकाने देवदर्शन व सोयरीक यांबरोबर एकदा बांधावरून फिरून यावे, आणि शंका वाटल्यास भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज देऊनच रजेवरून परतावे.

मुखत्यारपत्राविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. भावास किंवा वडिलांस दिलेले मुखत्यारपत्र सैनिकाच्या हयातीपुरते असते. त्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. त्यानंतर त्या पत्राच्या आधारे केलेला व्यवहार वारसांवर बंधनकारक मानता येत नाही, मग तो कितीही सद्हेतूने केलेला असो. तसेच मुखत्यारपत्रात जमीन विकण्याचा अधिकार लिहून देण्याची बहुधा गरज नसते. सोसायटीचे पीककर्ज, पाणीपट्टी, नोंदी व मोजणी एवढ्यापुरता अधिकार पुरतो.

घरी पाठविलेल्या पैशातून घेतलेल्या जमिनीची गोष्ट याहून नाजूक आहे. पोरगा पलटणीतून पैसे पाठवितो, वडील किंवा थोरला भाऊ स्वतःच्या नावे दोन एकर घेतात, आणि पंधरा वर्षांनी वाटणीच्या वेळी 'हे तर घराचे' असे उत्तर मिळते. १९३० च्या कायद्याने शिक्षणाच्या व प्रशिक्षणाच्या बळावर मिळविलेली कमाई एकत्र कुटुंबातील माणसाची स्वतंत्र मिळकत ठरविली असल्यामुळे सैनिकाचा पगार त्याचा स्वतःचाच आहे. परंतु जमीन एकदा दुसऱ्याच्या नावे घेतली म्हणजे ती आपली म्हणून दावा लावण्यास १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्याची मोठी आडकाठी येते. एकत्र कुटुंबाच्या बाबतीत त्यास काही अपवाद आहेत. ते कोर्टात शाबीत करण्यास मात्र आयुष्य खर्ची पडते. खरेदीखतात आपले किंवा निदान संयुक्त नाव घालावे, हाच यावर सरळ उपाय.

याच ओघात हक्कसोडपत्राविषयी. भावांच्या प्रेमापोटी पुष्कळ सैनिक आपला हिस्सा सोडून देतात. ते त्यांचे औदार्य आहे, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. पण सगळा हिस्सा सोडला आणि दुसरी जमीन नसली, तर तो मनुष्य शेतकरी राहत नाही. आणि बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन विकत घेण्यास कुळकायद्यात मनाई आहे. निवृत्तीच्या पैशातून गावी चार एकर घ्यावे असे मनात आणले, तर त्यास पूर्वपरवानगीच्या दारात उभे राहावे लागेल. पाच गुंठे का होईनात, स्वतःच्या नावावर राहू द्यावेत.

कोर्टकचेरीच्या बाबतीत सैनिकास मिळालेले संरक्षण फारच थोड्यांस ठाऊक आहे. १९२५ चा 'इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट' असे सांगतो की, युद्धावर किंवा कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत नोकरीवर असलेल्या सैनिकाविरुद्ध दावा चालू असेल व त्याच्या वतीने कोणी हजर नसेल, तर कोर्टाने त्याच्या लष्करी अधिकाऱ्यांस कळवावे, आणि त्यांनी दाखला दिल्यास दावा तहकूब ठेवावा. कलेक्टरही याबाबत कोर्टास कळवू शकतो. सैनिकाच्या पाठीमागे एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्याची तजवीज त्यात आहे, आणि युद्धातील नोकरीचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळण्याचीही आहे. मात्र ध्यानात ठेवावे की, शांततेच्या ठाण्यातील सर्वसाधारण नोकरीस हे सगळे लागू होत नाही. तशा वेळी १९५० च्या आर्मी अॅक्टचे ३२ वे कलम उपयोगी पडते. रजेवर आलेल्या सैनिकाने आपल्या अधिकाऱ्याचा दाखला हजर केल्यास कोर्टाने त्याचा खटला शक्य तितक्या लवकर, रजेच्या मुदतीत, चालवावा असे ते कलम आहे. जुन्नर वा घोडेगावच्या कोर्टात तारखांवर तारखा घेऊन परत गेलेल्या जवानांनी हा दाखला घेऊन यावा.

त्याच कायद्याने सैनिकाचा पगार व भत्ते दिवाणी हुकूमनाम्याखाली जप्तीपासून सुरक्षित केले आहेत, आणि कर्जापायी त्यास अटकही करता येत नाही. निवृत्तीनंतरच्या पेन्शनीस १८७१ च्या पेन्शन कायद्याचे कवच आहे: धनकोस ती जप्त करविता येत नाही, आणि पुढे मिळणाऱ्या पेन्शनीच्या हप्त्यांवर कोणी लिहून घेतलेला गहाण वा हवाला रद्दबातल असतो. पेन्शनीचे पुस्तक किंवा एटीएमचे कार्ड तारण म्हणून ठेवून घेणारे सावकार आहेत असे आपण ऐकतो. त्यांच्या त्या कागदास कायद्यात किंमत नाही.

सैनिकाच्या मृत्यूनंतर घरात जो घोळ होतो, त्याचे कारण बहुधा हे की, पेन्शन व जमीन यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत हे कोणी सांगत नाही. कुटुंब पेन्शन ही वारसाहक्काने वाटली जाणारी मिळकत नव्हे. ती प्रथम पत्नीस मिळते, तिच्या पश्चात नियमांत बसणाऱ्या मुलांस, आणि पत्नी व मुले कोणीच नसतील तर अवलंबून असलेल्या आईबापांस. मृत्युपत्राने ती दुसरीकडे वळविता येत नाही. जमिनीचे तसे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या सैनिकाची मिळकत त्याची विधवा, त्याची आई आणि त्याचे मुलगे व मुली यांस सारख्या वाट्याने जाते. आई पहिल्या वर्गातील वारस आहे; वडील नाहीत. म्हणजे सुनेस पेन्शन मिळाली म्हणून सासूचा जमिनीतील वाटा जात नाही, आणि सासूने वाटा घेतला म्हणून सुनेच्या पेन्शनीस धक्का लागत नाही. या एका वाक्याने कित्येक घरे फुटण्यापासून वाचतील. विधवेने पुनर्विवाह केला तरी पतीपासून एकदा तिला मिळालेला जमिनीचा वाटा तिचाच राहतो. दिरांनी तो परत मागण्यास आधार नाही. मुसलमान व ख्रिस्ती बंधूंचे वारसनियम वेगळे आहेत, त्यांनी ते जाणत्यांकडून समजून घ्यावेत.

वारसनोंदीची वर्दी तलाठ्याकडे ३ महिन्यांच्या आत द्यावी असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. तलाठ्यास वर्दी दिल्याची पोच मागावी आणि फेरफाराची नोटीस निघाल्यावर तीत मुलींची व आईची नावे आहेत की नाहीत हे स्वतः वाचावे. 'मागाहून घालू' म्हणून वगळलेले नाव मागाहून घालण्यास पुष्कळदा प्रांतांपर्यंत अपील करावे लागते.

पेन्शनीत सर्वांत अधिक वेळ ज्या कारणाने जातो ते कारण ऐकून वाचकांस नवल वाटेल. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडे रूढी आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि पलटणीच्या दप्तरात तिसरेच. पती हयात असतो तोवर कोणास याची आठवण होत नाही. तो गेला म्हणजे ती एकच बाई आहे हे सिद्ध करण्यासाठी तिला प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नावबदल, सरपंचाचे दाखले गोळा करीत हिंडावे लागते, आणि तेही सुतकाच्या दिवसांत. नोकरीवरील प्रत्येक सैनिकाने आपला विवाह व मुलांचे जन्म रेकॉर्ड ऑफिसच्या दप्तरी कोणत्या नावांनी नोंदले आहेत ते पाहून, घरच्या कागदांशी ताळमेळ आताच घालून घ्यावा.

कुटुंब पेन्शनीचे तीन मुख्य प्रकार आहेत. साधी कुटुंब पेन्शन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के; सैनिक सेवेत असता वारल्यास पहिली १० वर्षे ती ५० टक्के असते. मृत्यूचे कारण लष्करी सेवेशी निगडित ठरल्यास विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के. युद्धात किंवा तशा कारवाईत मृत्यू आल्यास उदार कुटुंब पेन्शन अखेरच्या वेतनाइतकी. मृत्यू कोणत्या वर्गात घातला गेला हे कुटुंबाने विचारून घ्यावे. तो वर्ग चुकला असे वाटल्यास दाद मागता येते. त्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक पीठ मुंबईस आहे. अपंगत्वाच्या पेन्शनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात असे ठरविले की, भरतीच्या वेळी जो दोष वैद्यकीय कागदांत नोंदलेला नव्हता तो सेवेमुळे आला असे मानावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. २१ सप्टेंबर २०२३ पासून या विषयाचे नियम बदलले आहेत. सबब त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबून राहू नये. विलंबाचाही विचार करावा. २००८ च्या एका निकालाप्रमाणे उशिरा आलेल्या पेन्शन-दाव्यात मागील थकबाकी सामान्यतः ३ वर्षांपुरतीच मिळते, त्याहून मागची बुडते.

ज्यांस पेन्शनच नाही असे माजी सैनिकही आहेत. सात-आठ वर्षांत घरच्या अडचणीने नाव कापून आलेले, आता पासष्टी उलटलेले. अशा निराधार माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारे मासिक साह्य ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये करण्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, व १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांस नवा दर लागू झाला. त्याच निर्णयाने मुलींच्या लग्नाचे साह्य ५०,००० वरून १ लाख रुपये झाले आणि मुलांच्या शिक्षणाचे दरमहा १,००० वरून २,०००. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातात. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या एका राहत्या घराची घरपट्टी माफ करण्याचा राज्य शासनाचा निर्णय २०२० चा आहे. तथापि अर्ज केल्याशिवाय माफी मिळत नाही. शहीद जवानांच्या पत्नीस वा वारसास २ हेक्टर शेतजमीन देण्याची तरतूद २०१८ मध्ये झाली. अशी जमीन निर्बंधित सत्ताप्रकाराची असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही, म्हणून तिच्यावर इसार घेण्याचा मोह टाळावा.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असलेल्या स्त्रियांनी हे ध्यानात घ्यावे की, १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे. सैनिक दूर असता त्याच्या घरच्या जमिनीच्या व मिळकतीच्या तंट्यांत मदत व्हावी हाच तिचा हेतू होय.

राहता राहिले अग्निवीर. जून २०२२ पासून जवानांची भरती ४ वर्षांकरिता होऊ लागली. त्यांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांश पुढे कायम व्हावयाचे. बाकीच्यांस सेवानिधीची सुमारे पावणेबारा लाखांची रक्कम मिळून घरी परतावयाचे आहे. त्यांस पेन्शन नाही. या मुलांस बावीस-पंचविसाव्या वर्षी पुन्हा शेताचाच आधार घ्यावा लागेल. ज्या घरातून असा मुलगा गेला आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या अनुपस्थितीत वाटणी उरकून घेऊ नये. घेणेच भाग असेल तर त्याचा हिस्सा तहसीलदारांपुढे रीतसर नोंदवून त्याची प्रत त्यास पाठवावी. आणि सेवानिधीची रक्कम हाती येईल तेव्हा ती कोणाच्या नावे कोणत्या रानात घालावयाची, हे तो येण्यापूर्वीच घरात बसून ठरवून ठेवावे.